शाळेची जागा कोणी दिली

५ जानेवारी
लिहायची सवय नाही. पण आज सख्खा भाऊ, दिलीप, माझ्या तोंडावर म्हणाला की शाळेची जागा शेठजींनी दिली. म्हणून लिहून ठेवणं भाग आहे.
शेठजींचा पुतळा शाळेच्या फाटकात बसतोय. तो शाळा समितीचा सचिव. चौथऱ्याचा मजकूर हौसेने वाचून दाखवला. 'भूमिदाते, शिक्षणप्रेमी.' इमारत शेठजींची, कबूल. बोईसरचा कारखाना चालला तसे वर्ग बांधून दिले. जागा बाबांची. फळं धरणारी चिकूची झाडं तोडून दिली.
"ताई, कागद कुठाय?"
कागद नाही. तेव्हा सुपारी फोडली की शब्द पक्का. पुढे सरकारदरबारी शेठजींच्या ट्रस्टचं नाव लागलं, बाबांनी हरकत घेतली नाही. दिलीपला हे सगळं ठाऊक आहे.

८ जानेवारी
सकाळच्या एसटीने एडवणला गेले. बाबांचे शेजारी भास्करकाका आता तिथे मुलाकडे. सुपारीच्या वेळचे उरलेले एकटेच. नजर गेली, डोकं शाबूत. "आडकित्ता माज्याच हातात व्हता, बाय. इसरन कसा?" रविवारी शाळेच्या सभेत सांगतो म्हणाले.
दिलीपला तसं कळवलं. एसटीत कशाला त्यांचे हाल, मी गाडीने आणतो, म्हणाला. बरं वाटलं.

११ जानेवारी, रविवार
सभा. काका उठले. "लय वर्सं झाली. आता नाय आठवत." बसले.
मागून कोणीतरी, "बाई, घंटा झाली, तास सोडा." हशा. निम्मे माझ्याच हाताखालून गेलेले.
बाहेर काकांना गाठलं. नातू शेठजींच्या कारखान्यात कंत्राटी. गाडीत दिलीप म्हणे, पोराला कायम करतील, फक्त तुम्ही आज...
"तुजा बाबा देवमानूस. पन पोराला पोट हाय, बाय."
काकांवर राग धरवत नाही. दिलीपवर धरते.

१४ जानेवारी, संक्रांत
दिलीप तिळगूळ घेऊन आला. घेतला. गोड बोलणं जमलं नाही.
शेठजींची मुलं अकरावी-बारावीचे वर्ग काढून देणार आहेत म्हणे. "बाबा असते तर तेच म्हणाले असते, नाव राहू दे."
म्हणालेही असते. पण ते बाबांनी म्हणायचं. याने नव्हे.

२२ जानेवारी
फाटकापर्यंत जाऊन आले. पुतळा झाकलेला. फरशीवरची अक्षरं रंगवणारा म्हणाला, "मॅडम, हाथ मत लगाना, सेठजी का नाम अभी गीला है।"
'भूमिदाते' तसंच.

२४ जानेवारी
दिलीप दारात, बगलेत बाबांचा फोटो. मुख्याध्यापकांच्या खोलीतून उतरवला. तिथे आता शेठजी.
शाळेची वस्तू पोच घेतल्याशिवाय बाहेर जात नाही. नियम माझाच, मी मुख्याध्यापिका असतानाचा. दिलीपने पोचपावती पुढे केली. 'जुना फोटो, एक', त्याच्या अक्षरात. मी खोडलं. वर लिहिलं, 'शाळेला जागा देणारे आमचे वडील, यांचा फोटो.' सही केली.
"आता देणाऱ्याची सही कर. सचिव म्हणून."
उभ्या उभ्या वाचत राहिला. चहा नको म्हणाला. सही न करता कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, गेला. सोमवारी पुतळ्याचं अनावरण.

मिळाले: फोटो, चौकटीसह, काच शाबूत.
दिले: पोच, माझ्या सहीची.
प्रत माझ्याकडे नाही.