सीमोल्लंघनाची बॅटरी

२ ऑक्टोबर १९९७
बँकेतल्या श्रीपादने आणि मी मिळून घेतलेली मोटरबोट पावसाळाभर गोमतीकाठी पडून होती. आज किल्ली फिरवली. ढिम्म. बॅटरी डेड. हरकत नाही. अकराला दसरा. अनघाचे वडील नाना, वीज मंडळातून रिटायर, साताऱ्याहून येतायत. बोटीतून गोमतीपार नेऊन सीमोल्लंघन घडवतो, असं त्यांना फोनवर सांगून बसलोय. लग्नाला बारा वर्षं झाली, अजून हा माणूस मला फ्यूज बदलू देत नाही. यंदा त्यांच्या तोंडून 'वा, जावईबापू' काढणारच.

३ ऑक्टोबर
श्रीपाद म्हणाला, दुकानात टाक, चार्ज करून देतील. दुकानदार घाई करतात. घाईत अपघात होतात. बॅटरी स्कूटरवरून इंदिरा नगरला घरी आणली. उतरवताना कंबरेत उसण.

५ ऑक्टोबर, रविवार
सेफ्टी फर्स्ट. चार्ज होताना गॅस निघतो, म्हणून बॅटरी गच्चीवर. आसपास काडी ओढायची नाही. ॲसिड उडेल म्हणून डोक्यावर हेल्मेट, हातांवर मोज्यांसारख्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या. झाकणं उघडली, पाणी खाली गेलेलं. डिस्टिल्ड वॉटरच घातलं, नळाचं नाही. सानिकाने हिंदीत विचारलं, पापा, ये फटेगी क्या? हिंदी मुलखात राहून मुलीचं मराठी बिघडलंय, सुधारायला हवं.

७ ऑक्टोबर
श्रीपादचा चार्जर लावला. सावकाश चार्जिंग, तेच सुरक्षित. लाइट गेली. आली. गेली. मोहल्ल्यात ट्रान्सफॉर्मर उडालाय म्हणे. हा माझा दोष नव्हे.

९ ऑक्टोबर
काल आणि आज मिळून थोडाच वेळ लाइट होती. अनघा म्हणाली, अहो, अजून वेळ आहे, दुकानात द्या. बायकांना धीर नसतो.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
नाना सकाळच्या गाडीने आले. सोबत आपट्याच्या पानांचा जुडगा. पाटावर पूजा मांडली: विळी, शिवणकामाची कात्री, सानिकाची कंपासपेटी. मी म्हटलं, यंदा माझं शस्त्र बॅटरी. गच्चीवरून चार्जरसकट खाली आणून पाटावर ठेवली. नानांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. प्रभावित झाले असावेत.

निरांजन लावायच्या आत चार्जर काढला. ज्योत आणि बॅटरी एकत्र नको, हा माझाच नियम. आरतीनंतर परत लावायला गेलो, तर अनघाने अडवलं. पूजेतलं शस्त्र आज वापरत नाहीत म्हणाली. उद्या उत्तरपूजा झाली की उचला. पटलं. विश्रांतीने बॅटरी ताकद धरते.

११ ऑक्टोबर, दसरा. दुपार
उत्तरपूजा झाली. हळदकुंकू पुसून टेस्ट घेतली. बॅटरीला स्कूटरचा बल्ब जोडला. लख्ख पेटला. पास! नाना पेपरमागून म्हणाले की बल्ब पेटणं वेगळं आणि इंजिन फिरवणं वेगळं. जुन्या पिढीचा स्वभावच शंकेखोर.

संध्याकाळ
घाट. नाना कोट-टोपीत, अनघा पैठणीत, सानिका. सगळे बोटीत. आधी काठ सोडायचा, मग भर पाण्यात ऐटीत इंजिन सुरू करायचं, असा माझा प्लॅन. घाटावरच्या मल्लाहने, म्हणजे नावाड्याने, ढकलून दिलं. किल्ली फिरवली.

टक्.

परत फिरवली. टकसुद्धा नाही. बोट हळूहळू वाहत जलकुंभीत, म्हणजे आपल्या जलपर्णीत, शिरली. सानिका रडायला लागली. अनघा पदर खोचून काठाकडे हाका मारत होती. मी दोन्ही हातांनी कडा धरून बसलो होतो. नानांनी शांतपणे विचारलं की चंद्रहासराव, पोहता येतं का? मी म्हटलं, तसा प्रसंग आला नाही.

मल्लाह आपली नाव घेऊन आला आणि दोर बांधून ओढत आम्हाला काठाला लावलं. त्याच काठाला. नानांनी पहिलं सोनं त्याच्या हातावर ठेवलं आणि वा, भैया म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

रात्री
घरी नानांना सोनं दिलं, पाया पडलो. नानांनी पाठीवर हात ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, आधी पोहायला शिका.

म्हणजे बोटीला त्यांची हरकत नाही.