अप्पांच्या गाडीचं मूळ इंजिन

ता. ४ जून

चि. नानूस,
अ. उ. आ.

यांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, यापुढे झोपणं-उठणं तळमजल्यावर. तळमजल्यावर मोठी जागा एकच, आणि तिथे अप्पांची अमेरिकन गाडी हातपाय पसरून बसली आहे. तेव्हा गाडी विकायची. अप्पांनी ती आपल्या दोघांच्या नावावर ठेवली म्हणून कळवते आहे. सल्ला हवा म्हणून नाही.

तूर्त हे बैठकीतल्या कोचावर झोपतात. पाय बाहेर लोंबतात.

चित्रीकरणाला जुन्या गाड्या भाड्याने देणारा एक व्यापारी पाहून गेला. भाव बरा देतो. कागद सोबत आहेत, सह्या करून पाठव.

लोभ गाडीवर आहेच, थोडा इकडेही वळवावा.

तुझी ताई

ता. १२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सह्या करणार नाही. विमा कंपनीसाठी मी जन्मभर गाड्यांच्या किमती लावल्या आणि घरच्या गाडीची किंमत तू एका भाडेवाल्याला विचारतेस. मागे पत्र्याचे पंख असलेल्या अप्पांच्या काळच्या गाड्यांचा भाव सध्या पडला आहे. पडल्या भावात घाबरट लोक विकतात. पाचेक वर्षं थांबायचं.

आपली गाडी तर खास आहे. पेट्रोल परवडेना म्हणून अप्पांनी तिला डिझेलचं इंजिन बसवलं, पण मूळ इंजिन मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. ते परत बसवलं, नंबर गाडीच्या कागदांशी जुळले, की किंमत दुप्पट. निवृत्तीनंतर माझा सगळा भरवसा त्यावर आहे. तेवढं इंजिन सांभाळ.

भाऊजींना कोचाची सवय होईल. माणसाला होते.

तुझा लोभ नाही मागत, धीर धरावा.

नानू

ता. १७ जून

चि. नानूस,
आशीर्वाद. बाकीची विशेषणं तूर्त राहू देत.

तू थांबायला सांगितलंस म्हणून मीही चौकशी केली, वाचलं. पंखांच्या गाड्यांवर जीव टाकणारी माणसं तुझ्या-माझ्याहून म्हातारी आहेत. ती आता गाड्या घेत नाहीत. त्यांची मुलं त्या विकायला काढतात. तरुणांना नंतरच्या, दोन दारांच्या दांडग्या गाड्या हव्यात. आपली चार दारांची. उघड्या टपाची असती तर गोष्ट वेगळी. तिचा भाव पडलेला नाही, नानू, म्हातारा झाला आहे. पडलेला उठतो. म्हातारा तरुण होत नाही.

आणि इंजिन नाही. गेल्या वर्षी तुला दोन पत्रं घातली. अंगणात उंदरांनी संसार मांडला आहे, ते लोखंड काढू का, असं विचारलं. दोन्हींच्या शेवटी अप्पा आपल्या धंद्याच्या पत्रांत घालत ती ओळ होती: उत्तर न आल्यास संमती समजू. या घरात सगळं त्याच ओळीवर चालत आलं. तुझी शाळासुद्धा तशीच बदलली. उत्तर आलं नाही, भंगारवाला घेऊन गेला. त्याने विचारलं, हे कशाचं. मी म्हटलं, दुर्लक्षाचं.

ज्या माणसाने तुला याच गाडीवर चालवायला शिकवलं, गेटला धडकवलीस तेव्हा अप्पांपुढे स्वतःचं नाव सांगितलं, त्याला तू कोचाची सवय लावायला सांगतोस. लाज विमा कंपनीत जमा करून आलास का?

आशीर्वाद आहेत, मोजून.

ताई

ता. २३ जून

ती. ताईस,
नमस्कार.

अप्पांचं इंजिन तू किलोवर घातलंस. तीन वेळा वाचलं तरी खरं वाटेना. ती दोन पत्रं आली होती. मी फोडली नाहीत. तुझ्या पत्रांत उपदेशाखेरीज काही निघेल, असं इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. आणि अप्पांची ती ओळ गिऱ्हाइकांसाठी होती, भावासाठी नव्हे. एक फोन तुला जड झाला.

सह्या करून कागद पाठवतो आहे. तुझ्यासाठी नाही. भाऊजींसाठी, आणि त्या गेटसाठी.

यापुढे पत्र लिहू नकोस.

नानू

ता. ६ जुलै

चि. नानूस,
आशीर्वाद.

लिहू नकोस म्हणालास, पण चेक पत्राशिवाय पाठवायची पद्धत आपल्याकडे नाही. निम्मा हिस्सा सोबत आहे.

गाडी चार दिवसांपूर्वी गेली. हे काठी टेकत बाहेर आले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, मला जरा मागे बसू द्या. त्याने गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणलं. उतरल्यावर दार स्वतः लावलं.

पलंग खाली आणला. जमिनीवर इतक्या वर्षांचं तेल मुरलं आहे. दोनदा धुतलं, वास जात नाही. यांना रात्रभर ठसका लागतो. परत कोचावर जातो म्हणतात.

तेवढंच.

ताई

ता. १४ जुलै

ती. ताईस,
सा. न.

चेक मिळाला, वटवला. भाव वाईट आला नाही. हे लिहिताना पेन अडलं, पण लिहिलं.

इंजिन मी विसरणार नाही. माफी मागायला येतो आहे असा समज करून घेऊ नकोस आणि उपदेश तर ऐकवूच नकोस. पण मुरलेलं तेल पाण्याने जात नसतं. वरचा थर फोडून नवा ओतावा लागतो. तुला ते जमणार नाही, भाऊजींना तर मुळीच नाही, आणि गवंड्याच्या डोक्यावर उभं राहायला कोणीतरी लागतं.

रविवारी निघतो. जमीन वाळेपर्यंत भाऊजींसाठी घडीची खाट आणतो आहे, ती लांब आहे. मी कोचावर झोपेन. पाय लोंबले तरी चालतील.

उत्तर न आल्यास संमती समजतो.

नानू