वलगावच्या विहिरीचा चॅम्पियन

कार्तिक शुद्ध पंचमी, शके १७८६. वलगाव.
आजपासून रोजनिशी. कारण शत्रू वाढले आहेत. कोण कधी काय बोललं ते लिहून ठेवलेलं बरं.

पौर्णिमेला पेढी नदीच्या डोहात पोहण्याची शर्यत. या काठावरून उडी मारायची, पलीकडचा काठ गाठायचा. अमरावतीच्या एका कापूस-दलालाने चांदीचं कडं बक्षीस लावलं आहे. विलायतेत कापसाची टंचाई होऊन इथले भाव चढल्यापासून या लोकांना पैसा कुठे घालावा ते कळेनासं झालंय. मला कळतं. माझ्या मनगटात.

गावात माझ्यासमोर उभा राहील असा पोहणारा नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीत भिंतीला हात न लावता सर्वांत जास्त फेरे माझे. तेही रीतीने, देवळाला प्रदक्षिणा घालतात तसे, उजवीकडेच वळत. विहिरीच्या कोनाड्यात आसरा आहेत, पाण्यातल्या देवी. उलटा फिरणाऱ्याचा त्या पाय ओढतात. दलालाचा कारकून इंग्रजी शिकलेला. त्याने मला 'चॅम्पियन' म्हटलं. अर्थ विचारला तर नुसता हसला. हसण्यासारखं काय आहे ते शोधून काढलं पाहिजे.

षष्ठी.
बायको मनकर्णा म्हणाली, "इहीर वायली न् नदी वायली. एक डाव डोहात पोहून पाहा." विहीर वेगळी, नदी वेगळी, हे तिच्या डोक्यात कोणी भरवलं? माहेर पूर्णेच्या काठचं असलं तरी बाई माणूस. पाण्यातलं तिला काय कळतं.

यंदा कापूस वेचायला बाया मिळत नाहीत. म्हणून तिने अट घातली : "जिकले तर बाराई मईने इहिरीत बसा. हारले तर पोहनं बंद, न् कमरेले फडकं बांधून वेचाले या." लगेच हो म्हटलं. हरायचंच नाही तर अट कसली? पण बायांच्या रांगेत उत्तमराव पाटील, या कल्पनेनेच रात्री दोनदा दचकून उठलो.

सप्तमी.
अकोल्याहून चंद्रभान माळी आला. तिकडे मोर्णा नदीत पोहतो म्हणे. उतरला शेजारच्या गोदाबाई माळणीकडे. ती त्याची आत्या. शर्यत आठवड्यावर आली आणि याला आत्या आठवली! मला रामराम केला. म्हणाला, "भाऊ, तुमचं नाव लय आयकलं." कुणाकडून?

ठराव : रोज पहाटे तालीम. जेवणात भाकरी दोनच.

अष्टमी.
पहाटे जाग आली. थंडी होती. पण गेलो नाही ते थंडीमुळे नव्हे. चंद्रभान विहिरीवर नजर ठेवून असणार. आपला डाव त्याला कशाला दाखवा?

दुपारी गोदाबाईने वांगी पाठवली. शर्यतीच्या तोंडावर वांगी! वातूळ पदार्थ. पोट फुगलं की हात चालत नाहीत. कट उघड आहे. आत काही घातलंय का ते तपासायला थोडी भाजी खाल्ली. पहिल्यांदा कळलं नाही म्हणून पुन्हा घेतली. भाकऱ्या पाच झाल्या. तपासाला लागतात.

दशमी.
चंद्रभानची तालीम बघायला डोहाकाठच्या बाभळीआड बसलो. मध्येच डोकं वर काढतो, पलीकडच्या चिंचेकडे बघतो, पुन्हा पोहतो. बघत बघत पोहणारा हा अगदीच कच्चा. मी डोळे मिटून पोहतो. विहिरीत बघण्यासारखं असतं काय?

त्याने मला पाहिलं. हाक मारली, "काय करून राहिले भाऊ तिथं? या, संगं पोहू. मंधात ओढ आहे, तुमाले दाखवतो." डोहात नेऊन माझा काटा काढायचा बेत! पोटात कळ आली असं सांगून निघालो. कळ खरीच होती. वांगी.

द्वादशी.
सकाळी बायकोचं लुगडं ओलं. केसही ओले. म्हणे नदीवर धुणं धुवायला गेली होती. धुणं तर ओसरीवर कोरडं पडलेलं! नदीवर कोण असतं ते सगळ्या गावाला माहीत आहे. खडसावलं तेव्हा म्हणाली, "डोह किती खोल हाये ते पाहून आली. तुमी पाहत नाही मनून." म्हणजे चंद्रभानसाठी हेरगिरी. इतक्या वर्षांचा संसार, आणि घरातलंच माणूस फुटलं. फार वाईट वाटलं. रागाने जेवलोच नाही. दोनच भाकऱ्या.

चतुर्दशी.
शेवटची तालीम. पहिलीही हीच. फेरे उत्तम झाले. मोजायला कुणी नव्हतं, त्यामुळे वादही नाही.

पौर्णिमा, सकाळी.
कडं दिसावं म्हणून बाही किती वर सारायची ते ठरवलं. निघतो.

वद्य प्रतिपदा.
अंग ठणकतंय. गावात भलतंसलतं पसरलंय म्हणून खरं काय घडलं ते लिहितो.

पागोटं काठावर ठेवलं. ढोल वाजला. उडी मारली. डोळे मिटून असा हात मारला की मागे कुणाचा आवाजही येईना. बोटांना चिखल लागला. उठलो, दोन्ही हात उंच केले. समोर माझं पागोटं. वाटलं, मानाने कुणीतरी पलीकडे आणून ठेवलं. मग दलालाचा कारकून दिसला. निघताना होता त्याच दगडावर. आणि तिकडे पलीकडच्या काठावर, चिंचेखाली, चंद्रभान धोतर पिळत होता.

बायको ओरडली, "आहो, परदक्षिना नाई घालाची! तिकडं जायाचं हाये!" सगळा काठ हसला. मी पुन्हा उडी घेतली. या खेपेला डोळे उघडे ठेवले, पण हात ऐकेनात. उजवीकडेच वळत राहिले. मध्ये ओढ लागली. चंद्रभान खरं बोलला होता. त्यातही त्याचा काहीतरी हेतू असणार. नाकातोंडात पाणी गेलं. वाटलं, आसरांनी पाय धरला. फार भ्यालो.

इतक्यात कुणीतरी माझी शेंडी धरली आणि कुठेही न वळता थेट काठाला आणलं. पाहतो तर बायको. कासोटा खोचलेला, दमसुद्धा लागलेला नाही.

कडं चंद्रभानला गेलं. कारकून बायकोकडे बघून 'चॅम्पियन' म्हणाला. या खेपेला हसला नाही.

तृतीया.
पोहता येतं हे इतकी वर्षं हिने लपवलं. का? आणखी काय काय लपवलंय? आज विचारलंच. कापसातली काडी निवडता निवडता म्हणाली, "तुमी कधी इचारलं? न् गावात तुमचा तेवढाच एक मान होता. तो म्या कायले घ्यावा?"

यात कट शोधला. दुपारभर शोधला. सापडला नाही. डोळ्यांत पाणी आलं. बहुतेक डोहाचं.

पंचमी.
अट ती अट. कमरेला फडकं बांधलं. पागोटं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, काढून ठेवलं आणि बायांबरोबर वेचायला लागलो. ठराव : वेचणीत पहिला मीच. मान खाली घालून असा वेचत सुटलो की मागे कुणाचा आवाज येईना. धुरा आला. हात उंच केले.

समोर माझं पागोटं.

गोदाबाई पदर तोंडात कोंबून हसली. बायको हसली नाही. तिने पागोटं उचललं, सगळं वावर ओलांडून पलीकडच्या धुऱ्यावर गेली आणि ते हातात उंच धरून उभी राहिली. म्हणाली, "इकडं पाहून या."

बघत बघत गेलो.