चंद्राच्या दगडाची धार

प्रिय वेंडेल,

फुस्स! एवढाच आवाज. पंचावन्न वर्षं झाली, तरी अजून कुणी सोड्याची बाटली उघडली की मी आधी माझी बोटं तपासतो.

तुझे गुडघे कसे आहेत? (ते तुझ्याआधीच म्हातारे झाले.) ऑर्लीनवहिनींना नमस्कार.

शनिवारी तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, चर्चच्या दालनात, मी ‘तो’ किस्सा सांगावा असं तू लिहिलंयस. एकोणसत्तरचा तो उन्हाळा! ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत चंद्रावरचे दगड आले होते, आणि मी बंद पेटीला जोडलेल्या जाड रबरी मोज्यांत हात घालून त्यांचे तुकडे तोलत होतो. शेजारच्या खोलीत लावा पक्ष्यांना आणि झुरळांना चंद्राची धूळ चारत होते, मरतात का बघायला. (एकही मेलं नाही. गेली ती माझी अब्रू.) शाळेत प्रुइटबाईंनी चंद्रावरच्या इतक्या कविता घोकून घेतल्या होत्या की दगड हाती येताच मी पुटपुटायलाच लागलो. तेवढ्यात फुस्स! मोजा फाटला. चंद्रावरचा एखादा रोग लागला असेल म्हणून मला तीन आठवडे कोंडलं, आणि माझ्याबरोबर कोंडली गेली वहिनींची लग्नाची अंगठी, मी करवला म्हणून तू विश्वासानं माझ्याकडे दिलेली. फोनवर तू ओरडलास, “गाढवा, तू नाही आलास तरी चालेल, अंगठी तरी पाठव!” पण आतली टाचणीसुद्धा बाहेर जात नव्हती. बिचाऱ्या वहिनी पडद्याची कडी बोटात घालून लग्नाला उभ्या राहिल्या.

दगडाच्या धारेनं मोजा फाटला, असं मी लिहून दिलं. मोठमोठे शास्त्रज्ञ दोन दिवस भिंगाखाली ती धार शोधत बसले. सापडली नाही. तू मात्र दर नाताळात “माझ्या लग्नाला चंद्र आडवा आला” म्हणून सांगतोस, आणि मी मान डोलावतो. चंद्र काही उलट बोलायला येत नाही.

तुझा धाकटा,
एल्डन

ता.क. शनिवारी मला बोलायला लावू नकोस.

ता.क. २. कारण “तुझ्या खिशांना भोकं असतात” असं तूच बजावलं होतंस, म्हणून अंगठी मी करंगळीत घातली होती. मोज्याच्या आत, नियम मोडून. धार तिच्या हिऱ्याची होती, वेंडेल. तुझं लग्न मी बिघडवलं. जमलं तर माफ कर.

ता.क. ३. थांब, बेल वाजली. अरे, या तर ऑर्लीनवहिनी, एकट्याच, ब्यूमाँटहून गाडी हाकत आलेल्या! जाळीच्या दाराबाहेरून चिमटीत काहीतरी काळं नाचवतायत. “एल्डनभाऊजी, शनिवारी त्या गरीब चंद्राला पुन्हा बदनाम करण्याआधी हे रबर ओळखा पाहू! माझ्या हिऱ्याखाली अडकलं होतं. अंगठी हाती आली त्या दिवसापासून जपून ठेवलंय!”