तीर्थासारखं घ्या

तांबडवाडी, ता. सोयगाव
दि. ९ एप्रिल १९८७

ती. दादास,
रत्नमालाचा सा. न. वि. वि.

हे पाणी औषधाचं आहे, तर मग वाटण्याआधी त्याच्यापुढं डोळे मिटून हात का जोडता, असं आज द्वारकाबाईनं मला विचारलं. दादा, घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून तू ज्या बहिणीचे पेढे वाटलेस, तिला हा प्रश्न!

इथल्या विहिरी आटल्यात. टँकरचं गढूळ पाणी पिऊन घरोघरी हगवण लागली आहे. मिशनचं शिबिर शाळेच्या खोलीत आहे. साळवे डॉक्टरबाई, दोन नर्स आणि आम्ही कॉलेजातून आलेले चौघं. मीठ-साखरेचं पाणी मोठ्या पातेल्यात करतो, सकाळी पातेल्याभोवती त्यांची प्रार्थना होते, मग वाटप. आधी लोक तांबे भरून नेत होते. कालपासून एकाएकी कुणी फिरकत नाही.

द्वारकाबाई आपल्यासारखीच मेंढपाळाच्या घरची. तिनं नाही म्हटलं की वाडी नाही म्हणते. तिची नात बाना चार वर्षांची आहे. पोरीचे डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच राहते. सलाईन लावायला गेलेल्या डॉक्टरबाईंना आजीनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पोर मेली तरी चालंल, बाटवून घेणार नाय, असं म्हणाली. आणि म्हणताना रडत होती.

प्रार्थना पातेल्यापासून लांब करा, असं मी डॉक्टरबाईंना विनवलं. त्या म्हणाल्या, आजवर उघड केली, आता लपवली तर लोक म्हणतील काहीतरी काळंबेरं होतंच. तेही खोटं वाटत नाही. मी समजावण्यात कुठं कमी पडले? पोरं घटाघटा पितात आणि ओकतात, म्हणून मी स्वतः दारोदार सांगितलं होतं, की तीर्थासारखं घ्या, थोडं थोडं, हातावर. याहून सोपं कसं सांगायचं?

एस.टी.चे कंडक्टर अंगदभाऊ यांच्या हाती पत्र देते. उत्तर त्यांच्याच हाती धाड. आबांना नमस्कार. विहिरी आटल्या तरी तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
रत्नमाला

पुंडलिकनगर, औरंगाबाद
दि. १० एप्रिल १९८७

चि. रत्नमालास,
रामहरीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग पुन्हा वाचलं. आगं येडे, तीर्थ म्हणलीस? मला पत्रात ती. लिहितीस ते तीर्थरूपच ना, पण मला कुणी हातावर घेऊन पीत नाय! खंडोबाचं तीर्थ घेतलं की माणूस खंडोबाचा झाला, हे तुला ठाव नाय व्हय? तिकडं पातेल्यापुढं मिशनची प्रार्थना चालती, अन् धनगराची शिकलेली पोरगी दारोदार सांगती की तीर्थ घ्या. लोकांनी काय समजावं? बाईंच्या प्रार्थनेनं कुणी पळालं नाय. तुझ्या शब्दानं पळालं.

आता इकडचं. कारखान्यातून आलो तर आबा उपाशी बसलेले. तू बाटलीस अशी हवा आपल्या भावकीत सुटली आहे. रविवारी खुलताबादचे पाहुणे तुला बघायला यायचेत. त्यांनी निरोप धाडून विचारलं, पोरगी अजून आपल्यातच हाय ना म्हणून. आबांच्या लई जिव्हारी लागलं. उद्या शनिवारच्या गाडीनं ये. आली नाय तर पुन्हा या घरी येऊ नको, असं त्यांनी लिहायला लावलं आहे. मी तसं म्हणत नाय. पण त्यांच्यापुढं बोलायची माझी छाती नाय.

पाहुण्यांसमोर नेसायला नवी सुती साडी अंगदजवळ दिली आहे. निळी, तुझ्या आवडीची. वहिनीनं निवडली. भांडत असलीस तरी घरी येऊन भांड, एवढी माया ठेव.

तुझा दादा,
रामहरी

तांबडवाडी
दि. ११ एप्रिल १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं आणि मी तशीच द्वारकाबाईच्या दारात गेले. तीर्थ हा शब्द माझा, बाईंचा नाही, हे सगळ्यांदेखत सांगितलं. म्हातारी कडाडली. एवढी बुकं वाचलीस, अन् कुठला शब्द कुठं घालावा ते कळंना व्हय, म्हणाली. मग जरा वेळानं तीच म्हणाली, माझ्या चुलीवर, माझ्या भांड्यात, माझ्यादेखत कर.

पाणी उकळलं. मीठ तिचं, साखर तिची. मी हात जोडले नाहीत, तोंडातून अक्षर काढलं नाही. पहिला चमचा पोरीच्या ओठाला लावताना द्वारकाबाईचेच हात देव्हाऱ्याकडं जोडले गेले. आमची नजरानजर झाली. तिनं मला विचारलेला प्रश्न मी तिला परत विचारला नाही.

बाना चमचा चमचा पीत राहिली. अंगात पाणी उरलं नव्हतं त्या पोरीनं सकाळी लघवी केली, तर म्हातारीनं आळीतल्या बायकांना बोलावून ओली गोधडी दाखवली! पोर अजून उठून बसलेली नाही, पण पाणी मागते.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रार्थना शाळेत होईल आणि पाणी घरोघरच्या चुलीवर. पण घरोघर करून दाखवायला बाईंना आत घेत नाहीत, मला घेतात. अजून निम्मी वाडी राहिली आहे आणि पोरं तिथंही निपचित आहेत.

आबांना सांग, मी त्यांचीच आहे. ते ऐकणार नाहीत, तरी सांग. आणि घराचं दार बंद झालं, तर तू तेवढा पत्र लिहीत जा. लोभ असू दे म्हणायला आज तोंड नाही, तरी म्हणते.

वहिनीची मात्र मी गुन्हेगार आहे. टँकरचं पाणी उकळण्याआधी गाळायला इथं धड फडकं नव्हतं. निळी साडी मी सकाळीच फाडली. तिचे तुकडे दारोदारच्या हंड्यांवर बांधून झाले आहेत. अंगदभाऊ गाडीशी उभे आहेत. त्यांच्या हाती हे पत्र देते, मी येत नाही.

तुझी,
रत्नमाला