ताईचा कागद

सोमवार, ४
कागदांवरचा मजकूर कॉम्प्युटरात ठेवलाच नाही म्हणे! मग सहा महिने मी त्या मशीनच्या तोंडात कागद कोंबत होते ते कशाला? दवाखान्याच्या रेकॉर्ड खोलीत बावीस वर्षं काढली. कुठला कागद कुठल्या गठ्ठ्यात, डोळे मिटून सांगायचे. आता गठ्ठेच नाहीत. स्कॅन झाला की फाडा — साहेबाचा हुकूम. माझ्या ताईच्या मागच्या ऑपरेशनचा कागदही मीच फाडला असणार. याच हातांनी!

शुक्रवारी ताईचं ऑपरेशन. मागच्या वेळी भूल देताना तिचा श्वास थांबला होता, मग औषध बदललं. कुठलं थांबवून कुठलं दिलं, तिला काय ठाऊक? ती बेशुद्ध! भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तर कळायलाच हवं.

कॉम्प्युटरात ताईचं नाव टाकलं. ‘एक कागद सापडला.’ उघडला — कोरा! कॉम्प्युटरवाला चष्मिष्ट म्हणतो, "मावशी, शोधण्यापुरते शब्द ठेवलेत. विचारलेला शब्द कागदात आहे की नाही, एवढंच यंत्र सांगतं. मजकूर नाही, स्कॅनचा फोटोही पुसतो. जागा वाचते."
जागा! डोक्यात एवढी रिकामी पडलीय, तिथे ठेवायचा होतास.

मंगळवार, ५. सकाळ
चष्मिष्ट म्हणतो, "बघू." कालपासून बघतोच आहे मेला.

दुपार
फरशी पुसताना सुचलं. शब्द ठेवलेत ना? मग एकेक विचारते! तान्हं पोर कुठे दुखतं ते सांगत नाही, पण नेमका हात लागला की रडतं.
डॉक्टरीणबाईंकडून भुलीच्या औषधांची नावं लिहून आणली. नऊ. इंग्रजी अक्षरं बघून बघून, एका बोटाने बडवली. ताईचं नाव आणि एक औषध. नाही. दुसरं — नाही. सहाव्याला ‘एक कागद सापडला’! ओरडलेच मी. चष्मिष्ट धावत आला.
"मावशी, हे कुणी शिकवलं?"
"तू नाहीस, एवढं नक्की."

बुधवार, ६
उरलेली तीन आज टाकली. नववंही सापडलं.
दोन नावं. एकाने श्वास थांबवला, एकाने तारलं. कुठल्याने काय केलं, ते सांगायला यंत्राची दातखीळ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताईंचं हृदय बघता याच दोनांतलं एक द्यावं लागेल. आणि थांबताही येणार नाही."
कागदावर आधी असेल ते श्वास थांबवणारं, नंतरचं तारणारं. साहेबाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून आले — ‘कागदावर कुठलं नाव आधी आणि कुठलं नंतर, एवढं तरी ठेवलंय का? उद्या संध्याकाळी पाचपर्यंत सांगा. लेखी.’