सहावा बाण

२ मार्च, रविवार
धनुष्य आलं. कंपाउंड. दोन्ही टोकांना चाकं आणि मधे दोऱ्यांचं जाळं. बायकोने विचारलं, हे ठेवणार कुठे? म्हटलं, कपाटावर. ती म्हणाली, कपाटावर ठेवा नाहीतर डोक्यावर ठेवा, पण या बिल्डिंगमध्ये दोरी ओढलेली दिसली तर त्याच दिवशी परत जाईल. शब्द दिला. शब्दाचा मी पक्का आहे.

तिरंदाजी क्लबचीही अट तीच. रेंजच्या, म्हणजे सरावाच्या मैदानाच्या, बाहेर एकदा जरी बाण सोडला तरी सभासद कार्ड कायमचं रद्द. १६ तारखेला नवशिक्यांची चाचणी आहे. पास झालो तर स्वतंत्र लेन. नापास झालो तर पुन्हा शाळेच्या पोरांच्या रांगेत, एकावन्नाव्या वर्षी. पण पास होणारच. आयुष्यात एकदा तरी काहीतरी बरोबर मधोमध लागलं पाहिजे, एवढीच माझी इच्छा आहे.

बाणांवर खूण घालायचा नियम आहे. कोचबाई म्हणाल्या, दोन अक्षरं पुरेत. मी सहाही बाणांवर पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर घातला, पर्मनंट मार्करने. काम करायचं तर व्यवस्थित करावं.

४ मार्च
आज साइट लावायला सुरुवात केली. साइट म्हणजे धनुष्यावरची छोटी चौकट. तिच्यात हिरवी पिन असते. पिन टार्गेटच्या मधोमध धरायची आणि सोडायचं. बाण दुसरीकडे लागला तर स्क्रू फिरवून पिन सरकवायची.

माझे बाण वर लागले. सगळे. कोचबाई म्हणाल्या, बाण जिकडे जातो तिकडे पिन न्या. वर जातोय ना, मग पिन वर. उलटं वाटेल, पण पिन वर गेली की हात आपोआप खाली येतो.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, मी बावीस वर्षं बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात क्वालिटी बघतोय. मशीन डावीकडे सरकलं की उजवीकडे ओढायचं. चुकीच्या मागे धावणारा माणूस मी नव्हे.

जाता जाता म्हणाल्या, आणि तुम्ही बाण सोडताना डोळे मिटता. साफ खोटं. ती एकाग्रता आहे.

६ मार्च
कोचबाईंची पाठ वळल्यावर पिन जरा खाली केली. बाण आणखी वर. वारा असावा. झाडाचं पान हलत नव्हतं, पण वरच्या थरात असेल.

क्लबमध्ये लोक बघतात, मन लागत नाही. थोडा एकांत मिळाला तर साइट एका दुपारी लागेल. बिल्डिंगच्या पाणी समितीचा मी प्रमुख. गच्चीची किल्ली माझ्याकडेच असते. नुसतं नमूद करून ठेवतोय.

८ मार्च, शनिवार, दुपार
बायको बहिणीकडे गेली. बायकोला दिलेला शब्द बिल्डिंगबद्दल होता. गच्चीवर आभाळ असतं, तिला बिल्डिंग म्हणता येणार नाही.

जिन्याच्या खोलीच्या भिंतीला जुनी गादी टेकवली. तिच्यावर कागद चिकटवला. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. पाच बाण सोडले. पाचही कागदाच्या वर. शेवटचा तर गादीच्या अगदी काठाला. आता मात्र माझं डोकं फिरलं. पिन पार खाली नेली, स्क्रू फिरायचा थांबेपर्यंत. म्हटलं, आता जा वर, बघू कसा जातोस.

सहावा सोडला. कुठेतरी ठप् झालं. डोळे उघडले तर गादीत बाण पाचच.

८ मार्च, संध्याकाळ


शांतपणे विचार केला. पिन पूर्ण खाली होती. म्हणजे बाण खाली गेला. वर जाणं शक्यच नाही. गुडघ्यांवर रांगत सगळी गच्ची शोधली, फरशीला नाक लावून. गादीखाली नाही. कठड्याच्या बुडाशी पावसाळी पाइपचं भोक आहे. फरशीवरून घसरत तिथून गल्लीत गेला असणार. खाली वाकून पाहिलं. एक स्कूटर, भाजीची गाडी आणि एक बाबागाडी.

 बाबागाडी रिकामी आहे की नाही हे वरून कळेना. एवढ्यात बायकोची हाक आली. गादी गुंडाळली, गच्चीला कुलूप लावलं आणि पळत खाली आलो. ठप् म्हणजे तिनेच दार लावलं असणार.

९ मार्च
गल्लीत चार फेऱ्या मारल्या. गटारं पाहिली, स्कूटरच्या सीटखाली पाहिलं. बाबागाडी घेऊन एक बाई समोरून आली. मी वाकून बाळाकडे बघितलं, बाळ धडधाकट होतं आणि माझे डोळे भरून आले. बाईने गाडी उलटी वळवली.

औषधांच्या दुकानात विचारलं, काल कोणी जखमेवर पट्टी न्यायला आलं होतं का? दुकानदाराने विचारलं, कसली जखम? म्हटलं, सहज. कसलीही. टोकदार. त्याने मलाच धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं. त्या शब्दातला धनु ऐकून अंगावर काटा आला.

११ मार्च
बाणावर माझं नाव आहे. नंबरही आहे. फोन वाजला की आधी नंबर बघतो. आज तीनदा वाजला. एकदा कर्जवाली मुलगी, तिला मी चुकून म्हणालो की मी तिथे नव्हतोच. एकदा बायको, कोथिंबीर आणा. तिसऱ्यांदा उचललाच नाही.

त्यात बिल्डिंगचं नवं झेंगट. दुपारीच नळाचं पाणी जातं. सकाळी पंप पूर्ण वेळ चालतो, तरी टाकी पुरत नाही. सगळे माझ्या दारात. बायको म्हणाली, वर जाऊन टाकी बघून तरी या. मी म्हटलं, गळती नेहमी खाली शोधायची. पाणी खाली जातं, हे पोरालाही कळतं. शिवाय सध्या मला गच्चीवर जावंसं वाटत नाही. ऊन फार आहे.

१३ मार्च
चोर सापडला. तळमजल्याचे निवृत्त हेडमास्तर! सगळ्यांच्या बादल्या कोरड्या आणि यांच्या टोमॅटोच्या वाफ्यात चिखल. मी जाब विचारला. म्हणाले, मी पाणी घालतच नाही हो, पाच दिवस झाले, पावसाळी पाइपातून आपोआप येतंय, जरा वर कोणीतरी बघा. आभाळात ढग नाही आणि पावसाळी पाइपातून पाणी! मी म्हटलं, दव असेल. ते म्हणाले, दव बादलीभर? बनेल माणूस. आयुष्यभर मुलांच्या थापा ऐकून स्वतः शिकला.

सोसायटीची मीटिंग लावली. शनिवारी संध्याकाळी, पार्किंगमध्ये. बिल्डिंगचं लक्ष टोमॅटोवर असलं की बाकी कशावर जाणार नाही.

१४ मार्च
क्लबमध्ये पाचच बाण घेऊन गेलो. कोचबाईंनी विचारलं, सहावा? म्हटलं, घरी आहे.  त्यांनी स्वतःच पिन वर केली आणि सोडा म्हणाल्या. बाण मधल्या पिवळ्या गोलाच्या अगदी शेजारी लागला. योगायोग. घरी येऊन पिन परत खाली केली.

दुपारी झोप लागली नाही. कुणाला लागला असेल तर? एखादा म्हातारा, एखादी शाळेतली मुलगी? पास व्हायचंय, लेन हवीय, सगळं खरं. पण आज पहिल्यांदा वाटलं की तो बाण नुसता सापडावा आणि त्याला रक्त लागलेलं नसावं.

१५ मार्च, शनिवार, संध्याकाळ
मीटिंग झाली.

मी उभा राहिलो. बेजबाबदार माणसं सगळ्या बिल्डिंगला वेठीला धरतात, यावर बोललो. चांगलं बोलत होतो. चौथ्या मजल्याच्या काकू मान डोलावत होत्या.  आमची बायको दिसत नव्हती.

ती प्लंबरला घेऊन गच्चीवर गेली होती. माझी पँट धुवायला टाकताना खिशातून किल्ली निघाली म्हणे.

ते दोघं जिन्यातून उतरले. प्लंबरच्या हातात बाण. म्हणाला, टाकीत रुतला होता, जिन्याच्या खोलीच्या वर, भोकातून अर्धी टाकी गच्चीवर वाहतेय, तिथून पावसाळी पाइपात. हेडमास्तरांनी बाण हातात घेतला, चष्मा वर केला आणि माझं पूर्ण नाव खणखणीत वाचलं, हजेरी घेतल्यासारखं. मी म्हटलं, या नावाचे बरेच असतात. त्यांनी नंबर लावला. माझ्या खिशात फोन वाजला.

 मी खुर्चीवर बसलो. तोंडातून एवढंच निघालं की कोणाला लागलं नाही ना. प्लंबर म्हणाला, टाकीला लागलं. मग मी रडलो. सगळ्यांसमोर. काकूंनी पाणी आणायला सांगितलं, पण पाणी नव्हतं.

१६ मार्च, रविवार
क्लबला काल रात्री बायकोने फोन केला. कार्ड रद्द. धनुष्य खोक्यात घालून तिने परत करायला दाराशी ठेवलंय. मला रागावली नाही. फक्त म्हणाली, आठ दिवस गुडघ्यावर शोधलंत, एकदा मान वर केली असती.

नवी टाकी येईपर्यंत म्हाताऱ्यांच्या घरी बादल्या पोचवायचं काम माझ्याकडे. चाचणी सुरू झाली तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर दोन बादल्या घेऊन उभा होतो. मग हेडमास्तरांच्या टोमॅटोंना पाणी घातलं. ते म्हणाले, बेताने घाला, आधीच फार झालंय.

दुपारी प्लंबर जुनी टाकी उतरवायला आला. मलाही वर बोलावलं, मदतीला. टाकीवर कंपनीचा गोल शिक्का आहे, ताटाएवढा. त्याने भोक दाखवलं. म्हणाला, साहेब, नेम मात्र मानला.

बरोबर मधोमध. एक केसही इकडे नाही, तिकडे नाही. बाण जिथून सोडला होता तिथे जाऊन उभा राहिलो आणि बराच वेळ बघत राहिलो. आयुष्यात एकदाच लागला, आणि तेव्हा माझे डोळे मिटलेले होते.